अंगावरचे कपडे, अंगावरचे पैसे

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस महाडच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. २०२१ च्या जुलैत याच बाजारपेठेत सावित्रीचे पाणी शिरले आणि कापडाच्या गठ्ठ्यांचा चिखल झाला. तरीही दुकाने पुन्हा उभी राहिली आणि गिऱ्हाईकही परतले. गेल्या दिवाळीत मी अशाच एका दुकानात शर्ट घेण्यासाठी उभा होतो. माझ्या शेजारी एक कातकरी जोडपे होते. बाईने एक गुलाबी साडी बाजूला काढली होती, आणि पुरुष चार-पाच वर्षांच्या मुलीच्या अंगाला झालरीचा फ्रॉक लावून पाहत होता. त्यांनी फारशी घासाघीस केली नाही. पुरुषाने खिशातून पाचशेच्या कोऱ्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि दिल्या. ते गेल्यावर दुकानदार मला म्हणाला, ‘‘साहेब, वाड्यांवर उचलीचे पैसे आलेत. आता चार दिवस हेच गिऱ्हाईक. दिवाळी झाली की टेम्पो येईल आणि वाड्या मोकळ्या.’’

टेम्पो कुठून येतो आणि कुठे जातो, हे महाड-पोलादपुरात कोणाला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात वाडीवर चूल पेटेनाशी होते, तेव्हा मुकादम येतो आणि पैसे देऊन जातो. त्याला उचल म्हणतात. उचल घेतलेल्या जोडप्याने दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचे, पोराबाळांसह तिथेच खोपटे बांधून राहायचे आणि पाऊस पडायच्या सुमारास परत यायचे. हंगामात हातात पडते ती आठवड्याची खर्ची, म्हणजे तांदूळ, तेल, मिठापुरते पैसे. हजार विटांमागे किती मजुरी, किती विटा झाल्या, किती फुटल्या, खर्ची किती गेली याचा हिशेब शेवटी होतो, आणि तो मालकाच्या वहीत असतो. हिशेबाअंती मजुराकडेच पैसे निघाले तर ते पुढच्या हंगामात फेडायचे. अशा रकमेला आपल्याकडे एक चपखल शब्द आहे : ‘अंगावरचे पैसे’.

त्या मुलीच्या अंगावर नवा फ्रॉक होता, आणि तिच्या आईबापांच्या अंगावर त्या फ्रॉकचे पैसे. माझ्या हातातला शर्ट मात्र मला एकदम इतका स्वस्त का वाटला, याचा मी पहिल्यांदाच विचार करू लागलो.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा कर्जे दिली आणि वसूल केली. त्यामुळे गुलामी म्हटले की इतरांना साखळदंड दिसत असतील, मला खातेवही दिसते. आजच्या गुलामीत माणूस विकत घ्यावा लागत नाही. त्याला थोडेसे कर्ज द्यावे लागते आणि वही आपल्याकडे ठेवावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. त्यांतली फार मोठी संख्या अशी आहे की ज्यांच्या दाराला कुलूप नाही. ती जात नाहीत, कारण जाण्याची किंमत त्यांना परवडत नाही.

या विषयावर मी न्यायाधीशाच्या आसनावरून लिहू नये, हे बरे. १९९० च्या सुमारास मी याच भागातल्या एका शाखेत होतो. श्रावणात एक कातकरी माझ्या टेबलापाशी आला. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा असेल. त्याला चारशे रुपये कर्ज हवे होते. मी विचारले, ‘‘कशासाठी?’’ तो म्हणाला, ‘‘खायला.’’

त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. आमच्याकडे म्हशीसाठी कर्ज होते, शेळ्यांसाठी होते, शिलाई यंत्रासाठी होते. ‘खायला’ हे कारण अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. मी त्याला उत्पादक आणि अनुत्पादक कर्जातला फरक समजावून सांगितला आणि विचारले, ‘‘म्हैस घेतोस का?’’ तो हसला. ‘‘साहेब, म्हशीला काय घालू?’’ म्हणाला आणि गेला. पुढच्या पावसाळ्यात तो मला रस्त्यात भेटला. मी सहज चौकशी केली, तर कळले की त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती, सगळा हंगाम नवरा-बायको भट्टीवर राबली होती, मध्ये पोरगी आजारी पडली, औषधाला पैसे घेतले आणि हंगाम संपला तेव्हा बाराशे रुपये अंगावर होते. चारशे मागणारा माणूस वर्षभर राबून बाराशेचा देणेकरी झाला होता. माझ्या शाखेच्या थकबाकीत मात्र त्याच्यामुळे एका पैचीही भर पडली नव्हती. त्या वर्षी आमच्या वसुलीचे कौतुक झाले.

गरिबाला पोटासाठीही कर्ज लागते आणि ते संस्थांनी दिले पाहिजे, हे बँकांना ठाऊक नव्हते असे नाही. उपभोगासाठीच्या कर्जाचा विचार करणाऱ्या शिवरामन समितीचा अहवाल १९७६ सालीच आला होता. मी तो वाचला तो निवृत्तीनंतर.

मुकादमांची आणि भट्टीमालकांची बाजू मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. ते म्हणतात, ‘‘आम्ही आषाढात पैसे दिले नाहीत तर ही माणसे खातील काय? तुमची बँक देते का?’’ प्रश्न बिनतोड आहे. शिवाय आगाऊ पैसे घेणे हेच पाप असेल, तर ते मीही केले आहे. दरवर्षी दिवाळीला मी बँकेकडून सण-अग्रिम घेत असे आणि ते दहा हप्त्यांत पगारातून कापले जाई. मग माझा अग्रिम आणि त्याची उचल यांत फरक काय?

फरक चार आहेत. पहिला, माझ्या अग्रिमाचा हिशेब माझ्या पगारपत्रकावर छापलेला असे. त्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत आणि त्याला न वाचता येणाऱ्या अक्षरांत. दुसरा, अग्रिम घेतला म्हणून माझा पगार कमी होत नसे. उचल घेतलेल्याला मजुरीचा दर ठरवताना तोंड उघडता येत नाही. तिसरा, मी उद्या राजीनामा दिला तर बँक माझ्याकडून पैसे वसूल करील, मला वसूल करणार नाही; तो भट्टी सोडून आला तर त्याला आणायला माणसे येतात. आणि चौथा, अग्रिम मी घेतला म्हणून माझी बायको-मुले काउंटरवर बसत नव्हती. उचल एक जण घेतो आणि राबते सगळे घर. हे चार प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावेत. वही कोणाकडे, दर कोणाचा, सोडून जाता येते का, आणि कर्ज कोणाचे व राबते कोण. जगातल्या कोणत्याही कारखान्याला हे चार प्रश्न विचारता येतात. कापडाच्या धंद्याला तर जरूर विचारावेत, कारण आपल्या मुलखाचा आणि त्या धंद्याचा संबंध फार जुना आहे.

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातल्या घरोघरचा एक तरी माणूस होता. पोलादपूरच्या डोंगरातली गावे भातावर चार-सहा महिने जगत आणि उरलेले महिने मनिऑर्डरवर. गिरणगावातल्या एका खोलीत गावकीची वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत. गिरणीत लावून देणारा जॉबर असे आणि त्याला दस्तुरी द्यावी लागे. जॉबरांची ही लाचखोरी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने नोंदवून ठेवली आहे. महिन्याचा पगार पुढचा अर्धा महिना उलटल्यावर हाती येई, म्हणजे नव्या माणसाला पहिले दीड महिने उधारीवर काढावे लागत. तो उधारी करी वाण्याकडे, खाणावळीत, नाहीतर पठाणाकडे. आपलाच पगार उशिरा मिळतो म्हणून माणूस कर्ज काढतो आणि कर्ज आहे म्हणून नोकरी सोडू शकत नाही. थकवलेला पगार आणि आगाऊ दिलेली उचल या एकाच दोरीच्या दोन टोकांसारख्या आहेत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगार किती दिवसांत द्यायचा याची मुदत घातली, तेव्हा ती दोरी थोडी सैल झाली.

गिरणीत जातीचाही हिशेब होता. विणखात्यात पगार अधिक, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातल्या कांडीचे सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्याआधी वर्षभर, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी आमच्या महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. महाडची ती परिषद भरवण्यासाठी झटलेले रामचंद्र बाबाजी मोरे याच तालुक्यातले. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करीत राहिले. पाण्याचा हक्क आणि कामाचा हक्क या दोन वाटा महाडमधूनच एकत्र निघाल्या, हे आपण विसरतो. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेही याच कोकणातल्या कुळांकडे पाहून. खोताकडे फुकट राबणे म्हणजे वेठ. ‘वेठबिगार’ हा शब्द आपण कायद्याच्या पुस्तकातून घेतलेला नाही. तो आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेला आहे.

गिरणी कामगार मात्र त्यातून बाहेर आला. संघटना, कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, विमा या पायऱ्या तो एकेक करून चढला. मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचा अंत जवळ आला. संपाच्या गुणदोषांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. गिरण्या बंद पडल्या म्हणून लोकांनी कपडे घालणे सोडले नाही. कापड भिवंडीच्या, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले आणि शिवण गल्लीबोळांतल्या, परराज्यांतल्या, परदेशांतल्या कारखान्यांत गेली. माल गेला त्या वाटेने त्या पायऱ्या गेल्या नाहीत. भिवंडीत आजही बारा तासांची पाळी आणि तुकड्यावर मजुरी आहे. उत्तर प्रदेश-बिहारचा कारागीर तिथल्या भिशीत, म्हणजे खाणावळीत, उधारीवर जेवतो. शंभर वर्षांपूर्वीचे गिरणगाव दुसऱ्या भाषेत बोलत असल्यासारखे वाटते.

पुढे चला. लग्नाच्या घागऱ्यावर, साडीवर जरीचे बारीक काम असते. २००५ साली मुंबईत अशा जरीकामाच्या कारखान्यांवर छापे पडले आणि बिहारहून आणलेली लहान मुले मोठ्या संख्येने सापडली. अशा मुलांच्या आईबापांना गावी काही आगाऊ रक्कम दिलेली असते. कर्ज बापाचे आणि राबतो मुलगा. आपला चौथा प्रश्न इथे लागू पडतो. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धत होती. सुमंगली म्हणजे आपल्याकडची सौभाग्यवती. गरीब घरच्या मुलींनी तीन वर्षे गिरणीच्या वसतिगृहात राहून काम करायचे आणि मुदत संपल्यावर लग्नाला उपयोगी पडेल अशी एकरकमी रक्कम घ्यायची. मधेच सोडले तर ती रक्कम बुडाली. इथे उचल नाही, उलट मजुरीच मागे ठेवलेली आहे. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेच येते. जाता येत नाही.

आणि बांगलादेश. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. तिथे जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवले जात. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. त्याच इमारतीत एक बँक होती; तिने आपले कर्मचारी घरी पाठवले. शिवणकाम करणाऱ्या बायकांना मात्र कामावर यावेच लागले, कारण न आल्यास महिन्याचा पगार बुडेल असे बजावण्यात आले होते. बँकवाला म्हणून ही हकीकत वाचताना मी थांबलो. तडा गेलेली भिंत एकच होती, पण खाली काम करणाऱ्याला पगाराची हमी होती आणि वर काम करणारीला नव्हती. मरण त्या फरकाने वाटले गेले.

आपल्याकडे कायदा नाही असे कोणी म्हणू नये. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने अशी सर्व कर्जे रद्द ठरवली; कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर टाकली; आणि गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. १९८२ साली एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर माणूस राबतो तेव्हा ते सक्तीचेच श्रम होत. भूक हीदेखील सक्तीच आहे. न्या. भगवतींच्या खंडपीठाचा तो निकाल. हा विचार आमच्या कर्जविभागात पोहोचला असता तर बरे झाले असते.

याच कायद्याच्या तेराव्या कलमात एक गोष्ट आहे, जी मला निवृत्तीनंतर कळली. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी, आणि तिच्यात एक सभासद वित्तसंस्थांचा प्रतिनिधी असावा, असे तिथे लिहिले आहे. मुक्त झालेल्या मजुराला पुरेसे कर्ज मिळेल असे पाहणे, हेही त्या समितीचे काम. म्हणजे कायदा करणाऱ्यांना नेमके ठाऊक होते की मजुराला सोडवून भागत नाही. पुढच्या आषाढात त्याला पैसे कोण देणार हे ठरवावे लागते. त्यांनी बँकवाल्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली होती. मी त्या भागात नोकरी केली, अनेक सभांना गेलो, पण अशी खुर्ची आहे हे मी कधी विचारले नाही.

आकडे पाहिले तर खुर्ची रिकामी राहिल्याचा परिणाम दिसतो. २०१६ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत सुमारे १ कोटी ८४ लाख वेठबिगारांना मुक्त करण्याचे उद्दिष्ट सांगितले. १९७८ पासून तोवर मुक्त झालेल्यांची सरकारी संख्या तीन लाखांच्या आसपास होती. पुनर्वसनाची योजना कागदावर चांगली आहे. पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख, अत्यंत वाईट प्रकरणी तीन लाख. पण पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे, आणि खटले कसे चालतात हे आपण जाणतो. महाराष्ट्राने आदिवासींसाठी १९७८ पासून खावटी कर्ज योजना चालवली. पावसाळ्यात पोटासाठी कर्ज, म्हणजे माझ्या अर्जात नसलेला तोच रकाना! ती २०१३-१४ नंतर थांबली आणि कोविडच्या काळात २०२० मध्ये चार हजारांच्या अनुदानाच्या रूपाने तेवढ्यापुरती परतली. निम्मे रोख, निम्मे धान्यकिराणा. मुकादम मात्र एकही पावसाळा चुकवत नाही.

मग आपण, रविवारी सकाळी चहा घेत हे वाचणाऱ्यांनी, काय करायचे? स्वस्त कपडा घेऊ नये असे मी सांगणार नाही. कातकरी बाईनेही स्वस्तच साडी घेतली आणि महाग कपडा शिवणाऱ्यालाही पुष्कळदा तेवढीच मजुरी मिळते. दुकानावर बहिष्कार घातला तर पहिली नोकरी जाते ती शिवणारणीचीच. उपयोग होतो तो कागदावर आणलेल्या जबाबदारीचा. २०२२ साली तमिळनाडूत दिंडिगल इथे दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या एका कामगार संघटनेने कापड कारखानदाराशी आणि एच अँड एमसारख्या परदेशी कंपनीशी बंधनकारक करार केला. एका तरुण कामगार मुलीच्या खुनानंतर ही लढाई उभी राहिली. कारखान्यात स्त्रियांचा छळ झाला आणि तो थांबवला नाही, तर खरेदीदाराने धंद्यात त्याचे परिणाम घडवायचे, असे त्यात लिहून घेतले आहे. माल घेणारा आता ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणू शकत नाही.

आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर मागण्या साध्या आहेत. उचल दिली तर तिची नोंद मजुराच्या हातातल्या वहीतही असावी. मजुरी खात्यावर जमा व्हावी आणि पासबुक मजुराकडे असावे, मुकादमाच्या पेटीत नव्हे. खावटी पुन्हा सुरू व्हावी आणि ती आषाढाआधी पोहोचावी. रोजगार हमीचे काम दिवाळीच्या आधी वाडीजवळ निघावे. दक्षता समितीची बैठक कधी झाली, हे गावातल्या चार शिकलेल्या माणसांनी लेखी विचारावे. निवृत्त शिक्षक, बँकवाले, तलाठी यांना वेळ असतो आणि अर्ज लिहिता येतो. आम्ही सहज करू शकू असे हे काम आहे.

दिवाळी झाल्यावर मी मुद्दाम सकाळी हायवेवर गेलो होतो. टेम्पो उभा होता. पातेली, गोधड्या, एक कोंबडी, आणि माणसे. ती मुलगी फ्रॉक घालूनच निघाली होती. मी तिच्या बापाजवळ गेलो आणि विचारले, ‘‘किती उचल घेतलीत तुम्ही?’’ त्याने रक्कम सांगितली. ‘‘लिहून ठेवलीत कुठे?’’ त्याने मानेने नाही म्हटले. माझ्याजवळ एक छोटी वही होती. तिच्या पहिल्या पानावर मी तारीख, रक्कम आणि हजार विटांचा दर मोठ्या आकड्यांत लिहिला आणि वही त्याला दिली. दर आठवड्याच्या खर्चीची रेघ कशी मारायची तेही दाखवले. त्याने ती शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवली.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी त्याच्यासारख्याच एका माणसाला चारशे रुपये नाकारले होते. एका वहीने ते फिटत नाहीत, हे मला कळते. ते अजून माझ्या अंगावर आहेत.